आजीच्या ताईतातलं झाड

आजीच्या दंडावर काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा ताईत असायचा. लांबट, दोन्ही टोकांना टोपणं, आणि वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला की त्यावरची वेलबुट्टी डोळ्यांना दिसत नसे, नख फिरवलं तरच लागायची. आंघोळीलाही ती तो काढत नसे. एकदा दोरा कुजून तुटला, ताईत न्हाणीघरातल्या दगडावर पडला आणि एक टोपण उडालं. आत सुरळी होती. मी ती करंगळीच्या नखाने हळूच बाहेर ओढली. कांद्याच्या सुक्या सालीसारखा पापुद्रा, तांबूस, आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. अक्षर एकही नव्हतं.

“भूर्जपत्र आहे ते. ठेव आत.”

“कसलं पान हे?”

“पान नाही गं, साल. हिमालयात झाड असतं त्याचं.”

“मग लिहिलेलं कुठे गेलं?”

“ज्याला वाचायचं त्याने वाचलं,” म्हणून आजीने ताईत माझ्या हातातून घेतला.

त्याच सुमारास आमच्या साताऱ्यात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या घरी ही पुस्तकं असायची. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि किंमत दोन-चार रुपये. मला मिळालेल्या पुस्तकात पानोपानी पांढऱ्या खोडांची सडपातळ झाडं होती. बर्फातही पांढरी, उन्हाळ्यातही पांढरी, जणू कोणी चुना मारून ठेवलाय. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘बर्चची झाडं’. बर्च म्हणजे काय ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. आजीलासुद्धा नाही. दंडावर तीच साल बांधून ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

हे माझ्या लक्षात यायला पुढे दहा-बारा वर्षं जावी लागली. पुण्यात रशियन शिकायला लागले तेव्हा आमच्या बाईंनी एका संध्याकाळी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला, बेर्योझा. त्यातला झ झाडातला. “संस्कृत कोणाचं होतं शाळेत?” असं त्यांनी विचारलं. तीन-चार हात वर गेले. “भ्राता या शब्दाला रशियनमध्ये काय म्हणतात?” ब्रात. “जाणणे?” झ्नात्. “म्हणजे आपल्या भ चा तिकडे ब होतो आणि या ज चा झ होतो. आता हे झाड संस्कृतात शोधा.”

वर्ग गप्प. मी वहीत उलटं लिहीत गेले. ब चा भ, झ चा ज, मध्ये र आहेच. भ, र, ज.

मला एकदम न्हाणीघरातला तो दगड आठवला.

जुळणाऱ्या शब्दांची गंमत इथवरच असती तर मी ती विसरूनही गेले असते. आवाज सारखे वाटले की दोन भाषांचं गोत्र जुळवून टाकायचं, हा छंद आपल्याकडे फार आहे आणि त्यातले नव्वद टक्के सोयरसंबंध मोडीत निघतात. भूर्ज आणि बेर्योझाचं तसं नाही. इथे एकेका ध्वनीचा हिशेब लागतो. भाषाशास्त्रज्ञांनी स्लाव्ह लोकांच्या, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन वगैरेंच्या, एकत्रित जुन्या भाषेत या झाडाचं नाव ‘बेर्झा’ असं मांडलं आहे. लिथुआनियात आजही ‘बेर्झस’ म्हणतात. इंग्रजीतला बर्च त्याच घरातला. म्हणजे माझ्या त्या पुस्तकात मूळ शब्द बेर्योझा असणार, मराठीत आपला भूर्ज होता, आणि आम्हाला मिळाला तिसऱ्या भावाकडून उसना आणलेला बर्च. अनुवादकाला दोष द्यायचा नाही. ‘भूर्जवृक्षांच्या राईत अस्वल शिरले’ असं वाचलं असतं तर मला ते अस्वल तपश्चर्येला निघालंय असं वाटलं असतं.

स्लाव्ह जिभेने पुढे या ‘बेर्झा’चं काय केलं ते मला फार आवडतं, कारण तेच उद्योग आपणही करतो. आधी स्वर, मग र, मग लगेच दुसरं व्यंजन, ही गाठ त्यांना साधारण आठव्या-नवव्या शतकात नकोशी झाली. पूर्वेकडच्यांनी ती सैल केली, मध्ये आणखी एक स्वर घातला. आपण धर्मचा धरम करतो, कर्मचा करम करतो, तसं त्यांनी बेर्झाचं बेरेझा केलं. युक्रेनियन अजून बेरेझाच म्हणतात, रशियनांचं झालं बेर्योझा. दक्षिणेकडच्यांनी दुसरी वाट धरली. नुकसानचं नुसकान होतं तसे त्यांनी दोन आवाज जागेवरून हलवले, र पुढे आणि स्वर मागे. म्हणून सर्बियात, बल्गेरियात, स्लोव्हेनियात ब्रेझा. पोलंडमध्येही अदलाबदलच झाली, पण वर त्या र ला इतकं घासलं की आज ऐकू येतं ते ब्झोझा. चेक लोकांचं ब्र्झीझा तर मला अजून नीट म्हणता येत नाही. त्यांचा तो र आणि झ एकाच श्वासात काढायचा असतो. बाई म्हणायच्या, तोंडात गरम बटाटा असल्यासारखं करा. मी केलं. बटाटाच ऐकू आला.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘झाड’ हा शब्दच घ्या. रशियनमध्ये देऱ्येवो, स्लोव्हेनियनमध्ये द्रेवो, पोलिशमध्ये जेवो. लिहिताना त्या जेवोतही र आहे, फक्त तो ऐकू येत नाही. तिन्ही एकाच जुन्या ‘देर्वो’चे वंशज, आणि संस्कृतात त्याचा नातलग दारु, म्हणजे लाकूड. देवदारमधला. उत्तम लाकडासाठी प्रसिद्ध असलेल्या झाडाला देवांचं लाकूड म्हटलंय. आमच्या कॉलेजातली मुलं त्या नावाचा अर्थ वेगळाच लावत आणि हिमालयाच्या सहलीला अगदी उत्साहाने नाव नोंदवत.

आपल्याकडे भूर्जचं हिंदीत भोज झालं. र पडला आणि मोकळं झालं. गंगोत्रीहून गोमुखाकडे चालत जाताना आधी चीरबासा लागतं, मग भोजबासा. आधी चीड, म्हणजे पाईन, मग भूर्ज. जसजशी उंची वाढते तसतशी झाडं बदलतात आणि मुक्कामांची नावंही. भोजबासा पावणेचार हजार मीटरच्या वर आहे. मी गेले तेव्हा तिथे वाऱ्याशिवाय फारसं काही नव्हतं. भूर्जाची राहण्याची जागा असं नाव असलेल्या ठिकाणी मला भूर्ज शोधावा लागला. तोडून तोडून चुलीत गेला, असं घोडेवाल्याने सांगितलं. ते इतक्या सहज सांगितलं की पुढे विचारवेना. त्याने एका कुंपणाच्या आत हात दाखवला. तिथे पुन्हा लावलेली कंबरेइतकी रोपं होती. अलीकडच्या एका वळणावर मात्र एक जुनं झाड सापडलं, वाकडंतिकडं, खोड साताऱ्याच्या चित्रातल्यासारखं चुनापांढरं नव्हे, दुधात थोडा चहा पडल्यासारखं. साल आपोआप सुटून फडफडत होती. पापुद्र्याखाली पापुद्रा. मी बोट लावलं, ओढली मात्र नाही. आजीचा धाक अजून आहे.

या नावाचा अर्थ काय? बहुतेक जाणकार त्याचा संबंध चमकणे, उजळ असणे या धातूशी लावतात. संस्कृतातला भ्राज् आणि इंग्रजीतला ब्राइट याच कुळातले. पांढरं झाड, एवढाच सरळ अर्थ. आणि सर्बियातल्या खेड्यात या अर्थाचा जिवंत पुरावा गोठ्यात उभा असतो. तिथे कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या गाईचं नाव ब्रेझा ठेवतात. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण आमच्या मामांकडे ढवळ्या होता. धवल, ढवळ, ढवळ्या. आणि कपाळावर ठिपका असलेला तो चांद्या. गुराखी कुठलाही असो, रंग बघूनच हाक मारतो. त्या सर्बियन गाईला झाडाचं नाव दिलंय असं समजायचं कारण नाही. बहुधा झाड आणि गाय, दोघींनाही एकाच पांढरेपणावरून हाक मारली गेली.

रशियनांचा या झाडावर फारच जीव. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या त्रोइत्सा या सणाला घरात आणि चर्चमध्ये भूर्जाच्या फांद्या लावतात. वाफेच्या न्हाणीत अंगावर हाणून घ्यायची झाडणी भूर्जाच्या डहाळ्यांची. वसंतात बर्फ वितळू लागलं की खोडाला भोक पाडून रस काढून पितात. कातडं कमवायला तेल याच्याच सालीचं, आणि जुन्या ‘रशियन लेदर’चा वास म्हणजे त्याचाच वास. एका अळंब्याचं नाव पोद्बेर्योझोविक, म्हणजे ‘भूर्जाखालचं’. पोराला छडीने बडवायचं असेल तर ‘भूर्जाची लापशी वाढतो’ म्हणतात. आपण चौदावं रत्न दाखवतो, ते लापशी वाढतात.

युक्रेनमध्ये मार्च महिन्याचं नावच बेरेझेन. चेकमध्येही मार्चला ब्र्झेझेन म्हणतात. आपले महिने आभाळातल्या नक्षत्रांवरून, चित्रा आली की चैत्र. त्यांचे काही अंगणातल्या झाडांवरून. यातला घोळ बघण्यासारखा आहे. लिपा नावाचं एक झाड आहे, ज्याच्या फुलांचा ते चहा करतात. क्रोएशियात लिपान्य म्हणजे जून आणि पोलंडमध्ये लिपियेत्स म्हणजे जुलै. झाड तेच, नाव तेच, महिना वेगळा, कारण दक्षिणेत ते आधी फुलतं. ऋतूवर नाव ठेवलं की असं व्हायचंच.

आता ज्यांनी हे नाव घालवलं त्यांच्याकडे वळू. लॅटिन बोलणाऱ्यांचे पूर्वज हा शब्द घेऊन इटलीत उतरले. तिथे सपाटीवर हे झाड जवळजवळ नाही. शब्द हातात, झाड गायब. त्यांनी तो अ‍ॅश नावाच्या दुसऱ्याच झाडाला लावून टाकला, फ्रॅक्सिनस. पुढे उत्तरेत गॉल लोकांच्या मुलखात, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, खरं झाड पुन्हा भेटलं तेव्हा त्याला हाक मारायला घरचा शब्द शिल्लकच नव्हता, म्हणून गॉलांचाच घेतला, बेटुला. आज वनस्पतिशास्त्रात या झाडांच्या सगळ्या गटाला बेटुला म्हणतात. आपल्या हिमालयातल्या झाडाला डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नाव दिलं बेटुला युटिलिस, म्हणजे ‘उपयोगी बेटुला’. भूर्ज हे नाव हजारो वर्षं जवळ बाळगणाऱ्यांच्या झाडाला उसना शब्द आणि वर एक प्रशस्तिपत्रक!

नाव एका झाडावरून उठून दुसऱ्यावर बसणं आपल्याला नवीन नाही. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पानं सर्रास खपतात. देवदार म्हटलं की बंगाल्याच्या डोळ्यासमोर हिमालय येत नाही, सोसायट्यांच्या फाटकाशी उभा असलेला तो उंच हिरवा खोटा अशोक येतो. मग भूर्जाचं असं का झालं नाही? गंगेच्या मैदानात भूर्ज नाही, दख्खनमध्ये तर नावालाही नाही. साताऱ्यातल्या बाईने ते झाड आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, तरी शब्द तिच्या तोंडात होता आणि बरोबर त्याच झाडासाठी होता. मला वाटतं, साल विकली जात होती म्हणून. झाड डोंगरावर राहिलं, पण त्याचे पापुद्रे बाजारात येत राहिले, ताईतात, यंत्रात, पोथीत. माल येत होता म्हणून नावही येत राहिलं. नुसत्या आठवणीवर शब्द इतका टिकत नाही.

पोथीवरून पुण्याची गोष्ट सांगायलाच हवी. १८७५ मध्ये गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित मुंबई सरकारच्या वतीने हस्तलिखितं शोधायला काश्मीरला गेले. काश्मीरात कागद रुळेपर्यंत ग्रंथ भूर्जपत्रावर लिहीत, शारदा लिपीत, शाईने. ब्यूलरांनी आणलेला संग्रह पुढे पुण्यात आला आणि आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत नोंद झाली. त्यातलं एकच भूर्जपत्रावरचं आहे, बाकीचे कागदावर.

तिकडे रशियात मात्र कित्येक वर्षं समज असा होता की भूर्जाच्या सालीवर लिहीत असत हे खरं, पण शिल्लक काही राहिलं नसणार. साल कुजते, शाई धुतली जाते. २६ जुलै १९५१ रोजी नोव्हगोरोद शहरात उत्खनन चालू असताना नीना अकुलोवा नावाच्या कामगार बाईला लाकडी रस्त्याच्या फळ्यांमध्ये सालीची एक गुंडाळी दिसली. मासेमारीच्या जाळ्यांना असल्या गुंडाळ्या तरंगण्यासाठी बांधतात. ती फेकूनही दिली गेली असती. तिने माती पुसली तर अक्षरं! आज एकट्या नोव्हगोरोदमधल्या अशा पत्रांची संख्या अकराशेच्या वर आहे, अकराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंतची. ती टिकली कारण त्यांना शाईच नव्हती. हाडाच्या किंवा लोखंडाच्या टोच्याने सालीच्या आतल्या मऊ बाजूवर कोरलेली होती, आणि तिथल्या ओल्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे काहीच कुजत नाही. रस्ते खचत तसे लोक त्यावर नवे ओंडके टाकत. एका रस्त्याला असे २८ थर सापडले. पत्र कोणत्या थरात मिळालं ते पाहायचं, ओंडक्यांची वर्तुळं मोजायची, की पत्राचं वयही कळतं. नोव्हगोरोद म्हणजे नवं गाव, आपल्याच ‘नव’चं भावंड. हजार वर्षं झाली, नाव अजून नवंच.

या पत्रांत राजेरजवाडे फारसे नाहीत. उधारी, धान्य, मासे, घोडा, कर्ज बुडवणारा जावई, असला मजकूर. “तू माझ्याशी लग्न कर. मला तू हवीस आणि तुला मी. याला साक्षीदार इग्नात,” असं मिकिता नावाचा माणूस उल्यानित्साला लिहितो, आणि ते वाचून वाटतं, साक्षीदार कशाला रे, पोलीस ठाण्यात जायचंय का? पण मला अस्वस्थ करणारं पत्र दुसरंच, ७५२ क्रमांकाचं, अकराव्या शतकाच्या अखेरचं. लिहिणारी बाई आहे. तुला तीन वेळा निरोप धाडला, माझ्याबद्दल तुझ्या मनात काय वाईट आहे की या आठवड्यात तू आलाच नाहीस, असं विचारते. ते पत्र सापडलं तेव्हा फाडून, पट्ट्यांची गाठ मारून फेकून दिलेलं होतं. गाठ नऊशे वर्षं तशीच होती.

कालिदासाच्या उर्वशीनेही भूर्जपत्रावरच पत्र लिहिलं होतं. पुरूरव्याने ते विदूषकाकडे ठेवायला दिलं, त्याच्या हातून निसटलं, वाऱ्याने उडालं आणि नेमकं राणीच्या हाती पडलं. साल हलकी, हा दोष दोन्हीकडे.

ही नोव्हगोरोदची पत्रं वाचणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव आंद्रेई झालिझ्न्याक यांचं, १९३५ ते २०१७. आधीचे अभ्यासक पत्रांतल्या अडचणीच्या जागा ‘अडाण्याचं अशुद्धलेखन’ म्हणून सोडून देत. झालिझ्न्याकांनी दाखवलं की त्या अशुद्धाला नियम आहेत. ही नोव्हगोरोदची वेगळी, जुनी बोली आहे. एका पत्रात ‘केले’ असा शब्द होता. सगळ्यांना वाटलं, मठातल्या खोल्यांबद्दल काही असावं. यांनी ‘केले’ म्हणजे शाबूत असं लावून वाचलं, “कुलूप शाबूत, दारं शाबूत.” चोरी झालीच नव्हती आणि कोणावर तरी आळ आला होता. ऱ्हस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा या माणसाचं काम बघावं. आणि हेच झालिझ्न्याक मॉस्कोत संस्कृत शिकवत. १९७८ मध्ये निघालेल्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेली व्याकरणाची रूपरेषा त्यांनीच लिहिली. बेर्योझाच्या सालीवरची अक्षरं लावणाऱ्या माणसाला भूर्ज माहीत होता. आमच्या बाईंकडे तो कोश होता, निळसर बांधणीचा, आणि त्याला त्यांनी मराठी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

आता ओन्फिम. तेराव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी, नोव्हगोरोदमध्ये सहा-सात वर्षांचा एक मुलगा लिहायला शिकत होता. त्याची डझनभर तरी सालपत्रं १९५६ मध्ये सापडली. एक तर सालीच्या डब्याचा तुटलेला बूड आहे. घरात काही मोडलं की आई म्हणाली असेल, घे, यावर गिरव. त्यावर मुळाक्षरं आहेत आणि त्याखाली चक्क बाराखडी. बा, वा, गा, दा करत ओळ संपली की बे, वे, गे, दे. पोरगं लवकरच कंटाळलेलं आहे. मागच्या बाजूला त्याने शेपटी वळवलेला, तोंडातून काहीतरी फुललेला प्राणी काढला आणि शेजारी लिहिलं, “मी जनावर आहे.” दुसऱ्या एका सालीवर घोडेस्वार शत्रूला भाला खुपसतोय आणि घोडेस्वाराशेजारी स्वतःचं नाव. माणसांच्या हातांना बोटं कुठे तीन, कुठे आठ.

या मुळाक्षरांतच ती गोष्ट आहे जिने मला या सगळ्यात ओढून घेतलं. स्लाव्ह अक्षरांना पूर्वी नावं असत. पहिलं आझ, दुसरं बुकी. त्या दोघांवरून वर्णमालेचं नाव पडलं आझबुका, जसं आपण ओम नमः सिद्धम् वरून ‘ओनामा’ म्हणत असू. बुकी म्हणजे अक्षरं. आजच्या रशियनमध्ये बुक्वा म्हणजे अक्षर आणि बुक्वार म्हणजे अंकलिपी. आणि हा शब्द, बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात त्याप्रमाणे, जर्मानिक शेजाऱ्यांकडून आला. त्यांच्याकडे तो बीच नावाच्या झाडाच्या नावाशी बांधलेला. इंग्रजीतलं बुक तेच, आणि स्लाव्ह भाषांत बीच झाडाला म्हणतातही बुकच. बुकोव्हिना हा मुलूख त्याच झाडाचा. हे बीच पूर्वेला साधारण कालिनिनग्राद ते ओदेसा या रेषेपर्यंत वाढतं, पलीकडे नाही. पोलिश वनस्पतितज्ज्ञ युझेफ रोस्ताफिन्स्की यांनी १९०८ मध्ये यावरूनच मुद्दा मांडला की झाडाचं नाव उसनं, म्हणजे स्लाव्हांचं मूळ घर त्या रेषेच्या पूर्वेला. मला हा मुद्दा चलाख वाटतो आणि थोडा पोकळही. नावं झाडं बदलतात हे लॅटिनने दाखवलंच आहे, आणि बीचचंच नाव ग्रीकमध्ये जाऊन ओकला चिकटलं. अशा नावांवर कोणाच्या पूर्वजांचं घर बांधायचं?

पण त्या मुलाचं बघा. त्याच्या दारात बेर्योझा, हातात बेर्योझाची साल, आणि त्यावर तो जे अक्षर दुसरं म्हणून गिरवतोय त्याचं नाव शेकडो मैल दूर वाढणाऱ्या, त्याने बहुधा कधीच न पाहिलेल्या झाडाचं. आजी आणि तो एकमेकांसमोर बसले असते तर हिशेब बरोबर जुळला असता. हिच्याकडे न पाहिलेल्या झाडाची साल, त्याच्याकडे न पाहिलेल्या झाडाची अक्षरं.

मागच्या महिन्यात मी मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून भूर्जपत्र आणलं. प्लास्टिकच्या पाकिटात तळहाताएवढे दोन तुकडे. दुकानदाराने विचारलं, “कशासाठी, लक्ष्मीचं का?” मी म्हटलं, लिहून बघायचंय. त्याने केशर आणि डाळिंबाच्या काडीची लेखणीही पुढे केली. घरी येऊन मी आधी ओन्फिमसारखं टोचून बघितलं, रफूच्या सुईने. पहिल्याच उभ्या रेघेला तुकडा फाटला. आपली साल टिश्यू कागदासारखी, तिला टोच्या सोसत नाही. दुसऱ्या तुकड्यावर शाईचं पेन फिरवलं आणि ते मात्र लोण्यासारखं चाललं. मी त्याचंच वाक्य लिहिलं, त्याच्याच जुन्या लिपीत, खाली वेड्यावाकड्या शेपटीचं चित्रही काढलं, आणि वाळायला खिडकीत ठेवून चहा टाकायला गेले.

परत आले तर खिडकीत काही नाही.

पंधरा मिनिटांनी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. हातात पापड भाजायचा चिमटा आणि चिमट्यात माझं भूर्जपत्र, अंगापासून लांब धरलेलं.

“माझ्या कुरडयांच्या ताटात पडलं होतं हो. आमच्यावर कोणी काही केलं-बिलं तर नाही ना? कसली ही अक्षरं? काय लिहिलंय यात?”

“काकू, घाबरू नका,” मी म्हटलं. “लिहिलंय, ‘मी जनावर आहे.’”